साहेबांचा लाडका कप

व्हॉल्व्हच्या कारखान्यात दाब तपासायच्या पंपाची धडधड चालू होती आणि तपासणीप्रमुख फडतरेबाईंच्या जिवाला थारा नव्हता. पंपाला ओतीव लोखंडाचा, म्हणजे बिडाचा, व्हॉल्व्ह जोडला होता आणि त्याला खेटून माणसं उभी होती.

"बीड ठिसूळ असतं, साहेब. त्याला कमी दाब लावायचा," बाई म्हणाल्या.

"पोलादी व्हॉल्व्ह टिकला, तेवढ्याच दाबाला बिडाचाही तपासा!" मालक डुंबरे गरजले. "माप एकच, मग परीक्षाही एकच. माझ्याकडे सगळ्यांना सारखा न्याय!"

बाईंनी टेबलावरचा स्टीलचा पेला उचलून खाली सोडला. ठण्ण! नुसता पोचा पडला. मग त्यांनी डुंबऱ्यांचा चहाचा कप उचलून तेवढ्याच उंचीवर धरला.

"अहो बाई, थांबा! तो चिनी मातीचा आहे!"

"हेच तर सकाळपासून सांगतेय, साहेब. आणि हा फुटला तर नुसता चहा सांडेल."

डुंबऱ्यांनी पंपाजवळच्या माणसांकडे पाहिलं आणि स्वतःच धावत जाऊन पंप बंद केला.