शिंप्याच्या टीव्हीतला मोर

आधीच माफी मागतो. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे कुठं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत, रोजच्या बोलण्यातले. पण गोष्ट सांगण्यासारखी आहे. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

फार वर्षांमागे, एका राजाच्या राज्यात, नदीकाठी एक गाव होतं. राजा आणि प्लाझ्मा टीव्ही एकाच काळात कसे, असं कुणी विचारू नये. गोष्टीच्या राज्यात सगळं सुखानं नांदतं.

त्या गावाची एक रीत होती. कामं उरकली की माणसं ज्याच्याकडे बसावंसं वाटेल त्याच्याकडे जाऊन बसत. उठताना आपली चटई घरी नेत नसत. गुंडाळून त्याच घराच्या दाराशी उभी करत. म्हणजे उद्याही इथंच येणार. तिथला कंटाळा आला, तर सकाळी चटई उचलायची आणि दुसऱ्याच्या दारी नेऊन ठेवायची. तोंडानं काही बोलायचं नाही.

कित्येक वर्षं गावाच्या चटया एका शिंप्याच्या दाराशी उभ्या होत्या. शिंपी खिडकीजवळ शिवणयंत्रावर बसायचा. यंत्र थांबलं तरी त्याची जीभ थांबत नसे. कुणाची नक्कल कर, कुणाची फिरकी घे, मधेच एखादी गोष्ट सांग. लोक हसून हसून चटईवर आडवे व्हायचे.

कामात मात्र तो पक्का होता. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायचा नाही. स्वतःचा सदरा शिवायचा असला तरी बायकोला म्हणायचा, "टेप धर गं. माणूस वर्षभरात बदलतो."

त्याच्या समोरच्या घरात एक कासार राहायचा. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. एके दिवशी कासारानं शिंप्याकडून टेप मागून नेला आणि संध्याकाळी परत आणून दिला. कशाला हवा होता, ते शिंप्यानं विचारलं नाही.

पुढच्या बाजाराला कासार राजधानीत गेला आणि येताना प्लाझ्मा टीव्ही घेऊन आला. साधाच होता, स्वस्तातला. काळा रंग जरा राखाडी दिसायचा आणि आवाज मडक्यातून आल्यासारखा यायचा. कासारानं तो भिंतीवर टांगला आणि आल्यागेल्याला म्हणाला, "या, बघायला या."

दोन-चार दिवसांनी सकाळी शिंप्यानं दार उघडलं. दाराशी एकच चटई उरली होती. ती त्याची स्वतःची होती.

शिंप्याच्या पोटात काहीतरी पेटलं ते विझेना. संध्याकाळी समोरून हसण्याचा आवाज आला की त्याला नखाखाली सुई गेल्यासारखं व्हायचं. कासार दारातून हाक मारायचा, "अरे ये की! तुझा पाट मांडून ठेवलाय."

"कामं आहेत बाबा," शिंपी म्हणायचा. "आम्ही काय तुझ्यासारखे रिकामे?"

आणि हातात काही काम नसताना तो नुसतंच यंत्र चालवत बसायचा. समोर ऐकू जावं म्हणून.

"अहो," शिंपीण म्हणाली, "बिनकापडाचं यंत्र चालवताय. सुई तुटेल."

"तुटू दे."

"त्यांच्याकडे आज कुस्ती आहे म्हणे. चला की, बघून येऊ."

"त्या डबड्यात कुस्ती? पैलवान कोण आणि पंच कोण, ते तरी कळतं का त्यात?"

"न बघताच सांगताय होय?" शिंपीण म्हणाली आणि चटई घेऊन एकटीच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कासार बांगड्या विकायला बाहेर पडला तसा शिंपी त्याच्या घरी गेला. गळ्यात टेप होताच. "वहिनी, तुमच्या खिडकीला पडदा शिवून द्यावा म्हटलं."

"पडदा?" कासारीण म्हणाली. "आमच्या खिडकीला चांगली दारं आहेत की, भावजी."

"असू द्या. माप तर घेऊन ठेवतो." असं म्हणून त्यानं टीव्हीला टेप लावला. आधी आडवा, मग उभा, मग तिरका.

कासारीण थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "भावजी, खिडकी त्या भिंतीला आहे."

शिंप्यानं राजधानी गाठली. दुकानात दोन टीव्ही शेजारी शेजारी चालू होते, एक साधा, एक भारी. दोन्हींवर एकच चित्र होतं, पिसारा फुलवलेला मोर. साध्यातला मोर मोरासारखा दिसत होता. भारीतला मोर बघून शिंप्याला वाटलं, पिसाला हात लावला तर बोटाला ओला रंग लागेल.

म्हातारा दुकानदार पुढं आला. "खोली केवढी आहे तुमची? खिडकी कोणत्या बाजूला? बसणारी माणसं किती?"

शिंप्यानं घेतलेलं माप सांगितलं. "याच्याहून मोठा आणि याच्याहून भारी द्या."

"हे तुमच्या भिंतीचं माप का?"

"नाही. शेजाऱ्याच्या टीव्हीचं."

दुकानदारानं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "हे बघा, भारी टीव्ही विकला तर माझाच फायदा आहे. तरी सांगतो. लांबून बघायला मिळेल अशी मोठी जागा असेल तरच तो घ्या. लहान खोलीला साधाच बरा."

"म्हणजे मी साधा आहे होय?"

"अहो, मी खोलीबद्दल बोलतोय."

"तो भारी बांधा."

बांधता बांधता दुकानदार म्हणाला, "एक ध्यानात ठेवा. प्लाझ्मावर एकच चित्र फार वेळ थांबवू नका. काच ते विसरत नाही." पण शिंप्याच्या डोळ्यांपुढं तेव्हा कासाराचं पडलेलं तोंड होतं. त्यानं काही ऐकलं नाही. शिंपिणीनं नव्या यंत्रासाठी साठवलेली पुंजी त्यानं पुढं केली. दुकानदारानं मोराचं चित्र दाखवणारी तबकडी वर फुकट दिली.

टीव्ही बैलगाडीतून आला. घरात तो मावेल अशी एकच जागा होती, खिडकीजवळची, जिथं यंत्र होतं. शिंप्यानं यंत्र उचललं आणि मागच्या अंधारात चुलीशेजारी ठेवलं.

"अहो, मला नवं यंत्र यायचं होतं," शिंपीण म्हणाली. "आणि जुन्याचा उजेडही काढून घेतलात."

"टीव्हीचा उजेड केवढा पडतो ते बघ आधी!"

त्या संध्याकाळी सगळ्या चटया शिंप्याकडे आल्या. त्याची छाती फुगली. पण टीव्हीनं अर्धी खोली खाल्ली होती. लोक एकमेकांच्या मांडीवर बसले. पुढच्यांना पैलवानाचं नुसतं पोट दिसत होतं. उन्हाळ्याचे दिवस, त्यात एवढा मोठा टीव्ही तव्यासारखा तापायचा. आणि कुणी जरा बोललं की शिंपी ओरडायचा, "बोलू नका, रंग बघा रंग!"

एक म्हातारा घाम पुसत म्हणाला, "लेका, तू बोलायचास तेच बरं होतं."

आठवडा सरायच्या आत चटया परत कासाराच्या दारी गेल्या.

आता मात्र शिंपी पेटून उठला. त्यानं टीव्हीचं तोंड फिरवून खिडकीबाहेर केलं, तबकडी लावली आणि मोर नेमका पिसारा फुलवतो तिथं थांबवला. सकाळी चूल पेटायच्या आधी मोर पेटायचा. कासाराचा उंबरा दिवसभर निळाहिरवा व्हायचा.

"दिसतंय का रे?" शिंपी खिडकीतून विचारायचा.

"दिसतंय की! झकास आहे मोर."

"तुझ्याकडे दिसतो का असा हिरवा?"

"छे. आमच्याकडचा हिरवा जरा उतरलेलाच."

एवढं ऐकून शिंप्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, घटकाभर. मग समोरून हसण्याचा आवाज आला आणि पोटातली आग पुन्हा भडकली. कासाराचं तोंड काही पडत नव्हतं. तेव्हा मोरही हलला नाही. दिवसामागून दिवस तो तसाच खिडकीत पिसारा फुलवून उभा राहिला. मागं अंधारात शिंपी लोकांच्या बाह्या उलट्या शिवत राहिला, आणि गिऱ्हाईकं हळूहळू पलीकडच्या गावी जाऊ लागली.

मग राजानं भरवलेल्या मोठ्या कुस्तीचा दिवस आला. शिंप्यानं ठरवलं, आज दार लावून आपण दोघंच बघू. त्यानं टीव्ही आत फिरवला, तबकडी काढली आणि कुस्ती लावली.

पैलवान आखाड्यात उतरले. दोघांच्या अंगावर पिसारा होता.

त्यानं दुसरं काही लावलं. राजा बोलत होता. राजाच्या मिशीतून मोराची मान वर आली होती. शिंप्यानं काच कोरड्या फडक्यानं पुसली, मग ओल्या. मोर जागचा हलेना.

शिंपिणीला आधी हसू आलं. मग हसता हसता ती रडू लागली. "माझं यंत्र गेलं," ती म्हणाली, "आणि घरात मोर आला."

शिंप्यानं फडकं बाजूला ठेवलं. आपण काय केलं ते त्याला तेव्हा कळलं.

रडणं ऐकून कासार दार ढकलून धावत आत आला. त्यानं टीव्हीकडे बघितलं.

"हस," शिंपी म्हणाला. "आता हसून घे."

"हसतोच," कासार म्हणाला आणि खरंच हसला. "अरे, राजाला तुरा फुटलाय!"

कित्येक दिवसांनी शिंप्यालाही हसू आलं. मग त्यानं मान खाली घातली. "तुझा साधा टीव्ही चालतो, आणि माझा भारी का चालला नाही रे?"

"तुझ्या टीव्हीत खोट नाही. चावडीसारख्या मोठ्या जागी तो शोभला असता. मी राजधानीला जायच्या आधी माझी भिंत मोजली होती. तुझाच तर टेप नेला होता." कासारानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गड्या, गावभर मापं घेतोस आणि स्वतःच्या घराला टेप लावायचा विसरलास?"

मग शिंपी त्याच्याबरोबर समोर गेला. त्याचा पाट खरंच मांडलेला होता. तो बसला, आणि कुस्ती सुरू असतानाच त्यानं दोन्ही पैलवानांची अशी नक्कल केली की कुस्ती कोण जिंकलं ते कुणालाच कळलं नाही.

भारी टीव्ही पुढं चावडीवर गेला. तिथं तो छान दिसतो. फक्त प्रत्येक चित्रामागं एक फिकट मोर असतो, आणि गावातली पोरं त्याला शिंप्याचा मोर म्हणतात. शिंपिणीचं नवं यंत्र काही त्या वर्षी आलं नाही.

पण कुस्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिंप्यानं काय केलं, ते सांगून थांबतो. उठल्या उठल्या त्यानं जुनं यंत्र चुलीजवळून उचललं आणि खिडकीच्या उजेडात आणून ठेवलं. तेवढ्यात कासार सदऱ्याचं कापड घेऊन आला. शिंप्यानं टेप काढला.

"माझंच माप घेतोयस ना?" कासारानं विचारलं.

"तुझंच. पण सदऱ्यापुरतंच," शिंपी म्हणाला.

जाताना कासारानं काखेतली चटई काढली आणि शिंप्याच्या दाराशी उभी करून ठेवली.

तात्पर्य: शेजाऱ्याचं माप घेऊन आणलेली वस्तू कितीही भारी असली, तरी आपल्या घराला बसत नाही.