सकाळी न उतरणारी रेस

"मग दुपारी तुमच्या अंगणात आणली की ती शहाण्यासारखी का वागते, तेवढं सांगा उस्ताद."

दस्तगीर उस्ताद धैर्यशीलच्या दारातल्या पायरीवर बसून ऊन कुठवर आलंय ते बघत होते.

धैर्यशीलने मोटरसायकलची मूठ पुन्हा पिळली. इंजिन ओरडलं. मूठ सोडली, तरी ओरडतच राहिलं. रेस खाली यायचं नाव नाही. शेवटी त्याने चावी फिरवून गाडी बंद केली आणि उस्तादांकडे असं पाहिलं, जणू त्यांनीच ती बिघडवली होती.

केतकी खांद्याला पर्स लावून दारात उभी होती. लग्नाला दोन महिने झाले होते. मेढ्याच्या त्या घरापासून एसटी स्टँडपर्यंत सगळा उतार, आणि साताऱ्याच्या गाडीसाठी धैर्यशील तिला रोज सकाळी तिथवर सोडायचा. काल वळणावर रेस उतरलीच नाही. पुढच्या दुधाच्या टेम्पोपाशी गाडी कशीबशी थांबली तेव्हा मध्ये वीतभर अंतर उरलं होतं. संध्याकाळी घरी आल्यावर तिने एवढंच सांगितलं, की उद्यापासून मी चालत जाईन.

टेम्पो चुकला, पण हे वाक्य धैर्यशीलला बरोबर लागलं.

कारण गाडी हा त्याचा प्रांत. उस्तादांच्या गॅरेजात तो तीन वर्षं राबला होता, आणि चौथ्या वर्षी त्याला वाटायला लागलं होतं, की आता उस्तादांनीही आपल्याकडून चार गोष्टी शिकायला हरकत नाही.

त्याने यादी सुरू केली. मूठ जरा जड फिरते म्हणून आठ दिवसांपूर्वी घरीच उघडली, तेल दिलं. मग ती अडकायलाच लागली. म्हणून केबल नवी टाकली. कार्बोरेटर दोनदा धुतला. स्प्रिंग बदलली. मोबाइलवर कुणा परदेशी मिस्त्रीचे व्हिडिओ बघून हँडलची नळी पॉलिश पेपरने घासली. प्रत्येक गोष्टीला उस्ताद मान हलवत होते. त्या मान हलवण्याचा अर्थ तीन वर्षांत कुणाला लागला नव्हता.

"आता राहिलं काय, ते तुम्ही सांगा."

"थंडी आहे," उस्ताद म्हणाले.

"मी गाडीचं विचारतोय, उस्ताद..."

उस्तादांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टकलावरून हात फिरवला. मग दाराकडे बघून म्हणाले, "बेटी, डोक्याला लावायला जरा खोबरेल मिळेल?"

धैर्यशीलने डोळे मिटले. ज्या माणसाला सकाळी सात वाजता शेजाऱ्याच्या रिक्षात घालून, हातापाया पडून आणलं, त्याला आता चंपी हवी होती.

केतकीने बाटली आणून दिली. उस्तादांनी ती तळहातावर उपडी केली. काही पडलं नाही. दाबली. तरी नाही. बाटली तशीच उपडी धरून ते बसून राहिले...

एक मिनिट गेलं. दोन गेली. खालून साताऱ्याच्या गाडीचा हॉर्न आला, आणि लांब गेला.

"गोठलंय ते," धैर्यशील शेवटी वैतागून म्हणाला. "या दिवसांत सकाळचं कुठलं पडतंय? ऊन लागल्याशिवाय ते..."

तो थांबला.

उस्ताद बाटलीकडेच बघत होते.

धैर्यशीलने एकदा बाटली पाहिली, एकदा मूठ पाहिली. मग आवाज पार खाली आणून म्हणाला, "तेच ओतलं होतं मी. घाण्याचं होतं, शुद्ध..."

मग केबलवरून बोट फिरवत म्हणाला, "नव्या केबलमध्येही. कोरडी नको म्हणून."

महिन्याची बाटली आठवड्यात तळाला कशी गेली, हे केतकीला तेव्हा कळलं. सासूबाई त्याचा ठपका तिच्या वेणीवर ठेवून मोकळ्या झाल्या होत्या.

पुढचा अर्धा तास धैर्यशीलने खाली मान घालून काम केलं. मूठ उघडून पुसली, केबल सुटली. पेट्रोलने धुतली, तेव्हा तिच्यातून मेणासारखे पांढरे कण निघाले. मग शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब, बस. मूठ सोडली की टक्कन जागेवर यायला लागली.

धैर्यशीलने हात पुसले. हात पुसता पुसताच चेहऱ्यावर जुनी ऐट परत आली.

"आता हिला सांगा उस्ताद, बिनधास्त बस म्हणावं. माझं नाही ऐकायची, तुमचं ऐकेल."

उस्तादांनी केतकीला विचारलं, रेस उतरत नाही हे तुला कधी जाणवलं?

"यांनी मूठ उघडली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी," ती म्हणाली. "सांगितलं होतं मी..."

धैर्यशीलला एकाएकी स्पॅनर पुसायची आठवण झाली.

"गाडी येते चालवायला?" उस्तादांनी तिला पुढे विचारलं.

या घरात हे तिला अजून कुणी विचारलं नव्हतं. तिने होकारार्थी मान हलवली.

उस्ताद उठले. गाडीची चावी काढून त्यांनी तिच्या हातात ठेवली.

धैर्यशील हसला. आपल्याबरोबर कुणीच हसत नाही हे लक्षात आल्यावर थांबला.

"आणि मागे बसून मी काय करू?"

उस्तादांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"ऐकत बस."