गोंड्याचा चेंडू तळ्यात

तळ्याकाठी एक घर.
घरात एक आत्या. तिचं नाव बकुळआत्या.
आत्याकडे एक मुलगी. तिचं नाव शेवू.
शेवूकडे एक कुत्रा. त्याचं नाव गोंड्या.

गोंड्या केवढा? एवढासा!
पाय आखूड. केस लांब. पोटाचे केस जमिनीला टेकायचे.
शेपूट कशी? टोपीच्या गोंड्यासारखी. म्हणून तर तो गोंड्या.

गोंड्याकडे काय? गोंड्याकडे एक चेंडू.
शेवूच्या जुन्या झबल्याचा. आत सावरीचा कापूस. मऊ मऊ, लाल लाल.
शेवू चेंडू टाकायची. गोंड्या धावायचा. चेंडू आणायचा.
शेवू हसायची. खुदुखुदु, खुदुखुदु.
गोंड्याला ते हसू फार आवडायचं. चेंडूहून जास्त आवडायचं.

एके सकाळी काय झालं?
शेवूनं चेंडू टाकला. जरा जोरात टाकला.
चेंडू गेला, गेला, गेला...
टप्प! तळ्यात पडला.

गोंड्या काठावर थांबला. त्याला पाण्याची भीती.
शेवूही काठावर थांबली. तिलाही पाण्याची भीती.
चेंडू तरंगत तरंगत मध्ये गेला.
शेवू रडायला लागली.

आत्या म्हणाली, "रडू नको गो. दुसरा शिवून देईन."
शेवू म्हणाली, "नको! हाच हवा!"
पण बालवाडीची वेळ झाली. शेवू रडत रडत गेली.

गोंड्याला फार वाईट वाटलं.
तो म्हणाला, "शेवू घरी येईल. तिच्याआधी चेंडू यायला हवा."

तळ्यात होती बदकमावशी. पॅक पॅक, पॅक पॅक.
गोंड्या काठावरूनच ओरडला. लांबूनच हं!

"मावशी, मावशी, चेंडू दे.
चेंडू मिळाला, तर शेवू हसणार!"

मावशीनं चेंडूला चोच लावली. चेंडू गोल फिरला. पुन्हा चोच लावली. पुन्हा फिरला.
मावशी म्हणाली, "माझ्या चोचीत मावत नाही रे. तुझ्या तोंडात मावतो. ये तूच. मी पोहायला शिकवते."
"मी? पाण्यात?"
"हो, तू. पण आधी अंगाला भोपळा हवा. आपल्या तळ्याची रीतच आहे. नव्यानं उतरणाऱ्याला भोपळा बांधायचा. आत्या छोटी होती ना, तिलाही बांधला होता."

निघाला गोंड्या. लुटुलुटु, लुटुलुटु.

पडवीत होता भोपळा. सुकलेला, पोकळ, पिवळा.
वाशाला टांगलेला. आत बिया वाजायच्या. खुळखुळ, खुळखुळ.

"भोपळेदादा, भोपळेदादा, पाठीवर बस.
भोपळा बसला, तर मावशी शिकवणार.
मावशीनं शिकवलं, तर चेंडू मिळणार.
चेंडू मिळाला, तर शेवू हसणार!"

भोपळा म्हणाला, "बसेन रे, बसेन. पण खाली कसा येऊ? बघ, केवढी गाठ! खारूताईला सांग. ती गाठ सोडेल."

निघाला गोंड्या. लुटुलुटु, लुटुलुटु.

आंब्यावर होती खारूताई. चिक चिक, चिक चिक.

"खारूताई, खारूताई, गाठ सोड.
गाठ सुटली, तर भोपळा बसणार.
भोपळा बसला, तर मावशी शिकवणार.
मावशीनं शिकवलं, तर चेंडू मिळणार.
चेंडू मिळाला, तर शेवू हसणार!"

खारूताई म्हणाली, "सोडेन रे, सोडेन. पण आत्या ओरडते ना! काल मी पडवीत गेले होते."
"मग?"
"तिथे फणसाचे पापड होते."
"मग?"
"मग नव्हते."
खारूताईनं तोंड पुसलं.
"आधी आत्याला हो म्हणू दे. मग मी येते."

निघाला गोंड्या. लुटुलुटु, लुटुलुटु.

अंगणात होती बकुळआत्या. तांदूळ पाखडत होती. फट् फट्, फट् फट्.

"आत्या, आत्या, हो म्हण.
आत्या हो म्हणाली, तर खार गाठ सोडणार.
गाठ सुटली, तर भोपळा बसणार.
भोपळा बसला, तर मावशी शिकवणार.
मावशीनं शिकवलं, तर चेंडू मिळणार.
चेंडू मिळाला, तर शेवू हसणार!"

आत्यानं सूप खाली ठेवलं.
"अगो बाई! पाण्याला भिणारा गोंड्या पोहणार?"
"हो. शेवूसाठी."
आत्यानं गोंड्याच्या डोक्यावरून हात फिरवला.
मग म्हणाली, "म्हणेन रे, म्हणेन. पण भोपळा बांधू कशानं? दोरी नको? जा, केळीचं सोपट आण. ती वाळकी साल असते ना, तीच. मी दोरी वळते."

निघाला गोंड्या. लुटुलुटु, लुटुलुटु.

परसात होती केळ. पानं मान टाकून बसली होती. सळसळ नाही की फडफड नाही.

"केळीबाई, केळीबाई, सोपट दे.
सोपट मिळालं, तर आत्या हो म्हणणार.
आत्या हो म्हणाली, तर खार गाठ सोडणार.
गाठ सुटली, तर भोपळा बसणार.
भोपळा बसला, तर मावशी शिकवणार.
मावशीनं शिकवलं, तर चेंडू मिळणार.
चेंडू मिळाला, तर शेवू हसणार!"

केळ म्हणाली, "देईन रे, देईन. पण घसा किती सुकलाय माझा! आधी पाणी आण."
"पाणी? कुठलं पाणी?"
"तळ्यातलं."

अरे देवा!
गोंड्याची शेपूट खाली गेली. कान खाली गेले.
पण काय करणार? शेवू येणार होती ना!

निघाला गोंड्या. लुटु... लुटु... लुटु... लुटु...

समोर होतं तळं. मोठ्ठं, निळं, गार. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक.

"तळेबाबा, तळेबाबा, पाणी दे.
पाणी मिळालं, तर केळ सोपट देणार.
सोपट मिळालं, तर आत्या हो म्हणणार.
आत्या हो म्हणाली, तर खार गाठ सोडणार.
गाठ सुटली, तर भोपळा बसणार.
भोपळा बसला, तर मावशी शिकवणार.
मावशीनं शिकवलं, तर चेंडू मिळणार.
चेंडू मिळाला, तर शेवू हसणार!"

दमला बिचारा. वाचणारेही दमले. घ्या, सगळ्यांनी एक श्वास घ्या.

तळं म्हणालं, "घे की! हवं तेवढं घे. पण मी काही चालत येत नाही. तूच ये."

आता? तांब्या नाही, घागर नाही. आणायचं कशातून?
गोंड्यानं विचार केला. खूप विचार केला.
मग एक पाय पुढे केला. डोळे मिटले.
डुब!
ई ई ई, गार!
पाय मागे. पळाला गोंड्या. केळीपाशी आला. पाय झटकला.
टिप. एक थेंब.
केळ म्हणाली, "हे माझ्या एका मुळालाही पुरायचं नाही रे."

परत आला गोंड्या. या वेळी चार पाय पुढे.
डुब डुब डुब डुब!
गार? हो, गार. पण फार गार नाही.
पोटाला पाणी लागलं. गुदगुल्या झाल्या.
पळाला गोंड्या. केळीपाशी आला. अंग झाडलं.
फर्र फर्र! खूप थेंब.
केळ म्हणाली, "अजून!"

परत आला गोंड्या. या वेळी थांबलाच नाही.
पाण्यात गेला आणि बसकण मारली. थबाक्!
पोट भिजलं. पाठ भिजली. शेपटीचा गोंडा भिजला.
लांब लांब केस पाणी प्यायले.
पळाला गोंड्या. केळीपाशी आला. अंग झाडलं.
फर्र फर्र फर्र फर्र फर्र!
केवढं पाणी! केळीच्या मुळाशी डबकंच झालं.

केळीची पानं हलली. सळसळ, फडफड.
पाणी मिळालं, केळीनं सोपट दिलं.
सोपट मिळालं, आत्यानं दोरी वळली. आत्या हो म्हणाली.
आत्या हो म्हणाली, खारीनं गाठ सोडली. कुरकुर, कुरकुर, कट्!
गाठ सुटली, भोपळा खाली आला. खुळखुळ, खुळखुळ.
भोपळा गोंड्याच्या पाठीवर बसला. आत्यानं दोरी बांधली.

निघाले सगळे तळ्याकडे.
पुढे गोंड्या. मागे आत्या. त्यामागे खारूताई. खारूताईच्या तोंडात पापड. आत्यानं पाहिलं नाही. तुम्हीही सांगू नका.

गोंड्या पाण्यात शिरला आणि काय झालं?
गर्रकन फिरला! पोट वर, चार पाय आभाळाकडे!
आत्यानं पटकन उचलला. गोंड्या शिंकला. फिंच्!
बदकमावशी म्हणाली, "आत्याबाई, हे काय माणसाचं पोर आहे? चार पायांचं पोर हे! याला भोपळा पोटाशी हवा!"
"खरंच की!" आत्या म्हणाली. "लहानपणी मला बांधला होता, तसाच मी पाठीवर बांधला."
आत्यानं गोंड्याला छातीशी धरलं. पदरानं तोंड पुसलं. त्याचं हृदय धडधड धडधड करत होतं. ती धडधड शांत होईपर्यंत तिनं त्याला खाली ठेवलं नाही.
मग भोपळा पोटाशी बांधला.

आत्या गुडघाभर पाण्यात उभी राहिली. गोंड्याच्या पोटाखाली तिचा हात.
मावशी म्हणाली, "नाक वर. पाय मार. घाई नको."
छपक छपक, छपक छपक.
"आत्या, हात आहे?"
"आहे रे."
छपक छपक, छपक छपक.
"आत्या, हात आहे?"
"आहे रे, आहे."
छपक छपक, छपक छपक.
"आत्या, हात आहे?"
गोंड्यानं मागे पाहिलं.
आत्या तर लांब! दोन्ही हात कमरेवर. आणि हसत होती.

गोंड्या पोहत होता! एकटा पोहत होता!
शेजारी मावशी. पोटाशी भोपळा. समोर लाल लाल चेंडू.
छपक छपक, छपक छपक, हॅप्प!
चेंडू तोंडात!

तेवढ्यात बालवाडी सुटली. शेवू आली.
अजून तिचे डोळे लाल होते. ती तळ्यापाशी आली आणि थांबली.
पाण्यात काय दिसतंय? गोंडा दिसतोय. चेंडू दिसतोय. दोन डोळे दिसतात.
"गोंड्या?"
गोंड्या काठावर आला. चेंडू शेवूच्या पायाशी ठेवला. अंग झाडलं.
फर्र फर्र फर्र!
शेवू भिजली. नखशिखांत भिजली.
आणि शेवू हसली. खुदुखुदु, खुदुखुदु, खुदुखुदु!
ओल्या गोंड्याला तिनं घट्ट धरलं. किती वेळ धरलं, ते कोणी मोजलं नाही.

मग शेवूनं तळ्याकडे पाहिलं. गोंड्याकडे पाहिलं.
हळूच म्हणाली, "आत्या, मलापण बांध ना भोपळा."
"तुला? भीती नाही वाटत?"
"वाटते," शेवू म्हणाली. "पण गोंड्या आहे ना."
आत्या म्हणाली, "बांधते हो. मोठा भोपळा आहे घरात. पण तुला दोरी मोठी लागेल. सोपट जास्त लागेल."

सोपट?
गोंड्याचे कान उभे राहिले. शेपूट उभी राहिली.
कोणी काही सांगितलं नाही. कोणी काही मागितलं नाही.
गोंड्या वळला. पाण्यात गेला. बसकण मारली. थबाक्!
आणि निघाला केळीकडे.
लुटुलुटु, लुटुलुटु.

गोष्ट झाली ओलीचिंब,
घाला तिला उन्हात वाळत!