एक चूल, पाच टीव्ही

ही गोष्ट मी सांगायची नाही, अशी आईची सक्त ताकीद आहे. म्हणून हळू आवाजात सांगते.

सर्जेराव इनामदारांच्या घरात टीव्ही पाच होते आणि बॉक्स एकच! इनाम केव्हाच गेलं होतं, पण गाव त्यांना अजून ‘सरकार’ म्हणे, आणि गावाचा हा गैरसमज दूर करायची सरकारांनाही काही घाई नव्हती. बॉक्स बैठकीत, आणि त्यातून फुटलेल्या वायरी पाच खोल्यांत. त्यामुळे पाचही टीव्हींवर एकच चॅनेल दिसे, तोही मुंग्यांनी भरलेला. बैठकीतून जो जाई, तो बटण दाबून जाई. सरकारांच्या आवडत्या पैलवानाने समोरच्याला उचलून आपटायला घ्यावं, तोच पडद्यावर थोरल्या सूनबाईंच्या मालिकेतली सासू रडू लागे!

केबलवाल्या दिनकरला बोलावणं गेलं.

“एक बॉक्स, पाच टीव्ही,” सरकार म्हणाले. “प्रत्येकावर वेगळा चॅनेल. आणि मुंगी एकही नको!”

“होत नाही सरकार. प्रत्येक टीव्हीला वेगळा बॉक्स लागतो.”

“वेगळा बॉक्स? आज वेगळा बॉक्स, उद्या वेगळी चूल! लोक म्हणतील, इनामदारांचं घर फुटलं!”

“पण सरकार, कनेक्शन तर एकच—”

“रविवारी दुपारपर्यंत मुदत! नाहीतर गच्चीवरनं जाणारी तुझी वायर कापलीच समज!”

त्या एका वायरीवर खालच्या आळीतली ऐंशी घरं टीव्ही बघत. ती कापली की दिनकरचा धंदा बसलाच. बिचारा मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेला. तिथे त्याची थोरली बहीण हौसाबाई स्वयंपाकाला होती. वीस वर्षं सरकारांच्या जिभेचे लाड पुरवून तिला एक गोष्ट कळली होती. सरकारांना दुसऱ्याचं कधीच पटत नाही, फक्त स्वतःचं पटतं.

“जा घरी,” ती म्हणाली. “रविवारी जेवायच्या वेळेला ये. आणि तोंड उघडू नकोस.”

रविवार उजाडला. सरकारांचा नियमच होता, रविवारी सगळ्या घराने एका पंगतीत जेवायचं. चुलीवर मटण शिजलं होतं. हौसाबाईने पाच ताटांत रस्सा वाढला. सरकारांनी भाकरी कुस्करली, घास उचलला, आणि हौसाबाईने ताट उचललं!

“अगं! हे काय?”

“थोरल्या वहिनी माळकरी आहेत, सरकार. त्यांच्यासाठी भरीत केलं.” आणि पाचही ताटांत भरीत!

“मग रस्सा कुठंय?”

“उतरवला. पातेलं एकच आहे ना.”

सरकारांनी नाइलाजाने भरिताचा घास घेतला. एवढ्यात दोन वर्षांच्या नातीने भोकाड पसरलं. भरीत गेलं, पाचही ताटांत गुरगुट्या भात आला! तो गिळतात न गिळतात तोच हौसाबाई पुन्हा हजर.

“आईसाहेबांची साखर वाढलीय. आता सगळ्यांना कारलं!”

“हौसाबाई!” सरकार पाटावरून उठलेच. “डोकं फिरलंय का तुझं? मटण हवं त्याला मटण दे, कारलं हवं त्याला कारलं!”

“एका पातेल्यात कसं जमायचं, सरकार?”

“मग पाच पातेली घे!”

“नको बाई! आज वेगळं पातेलं, उद्या वेगळी चूल. लोक म्हणतील, इनामदारांचं घर फुटलं!”

“पातेल्याने घर फुटत नसतं, मूर्ख बाई! चूल एक असली म्हणजे झालं. तिच्यावर पातेली पाच चढव नाहीतर पन्नास!”

हौसाबाई दाराकडे वळली. “दिनकर, ऐकलंस ना? सरकारांचा हुकूम आहे. कनेक्शन एक, बॉक्स पाच. जा, आण!”

धाकटे चिरंजीव ताटातल्या कारल्याकडे एकदम फार प्रेमाने बघू लागले. सरकारांनी हौसाबाईकडे पाहिलं, दिनकरकडे पाहिलं, मग त्यांच्या मिशा हलल्या, आणि ते इतके हसले, इतके हसले की ठसका लागला! त्यांची पाठ थोपटायला चौघं धावले. एकी ती एकी!

“हौसाबाई, आमचा निकाल आमच्याच तोंडून वदवलास! माग, काय हवं ते माग!”

“दिनकरच्या वायरीला कुणी हात लावायचा नाही. आणि सहावा बॉक्स, टीव्हीसकट, स्वयंपाकघरात.”

“दिला! आणि आता ते मटण आण आधी!”

संध्याकाळपर्यंत सहाही टीव्ही लख्ख दिसू लागले, वायर जागच्या जागी राहिली. सरकारांना आता कुस्ती अखंड बघायला मिळते. फक्त मालिकेची वेळ झाली की त्यांना हटकून तहान लागते, तीही स्वयंपाकघरातल्याच माठाची. तांब्या हातात तसाच राहतो. परवा तर त्या सासूने सुनेला घराबाहेर काढलं, तेव्हा सरकारांनी उपरण्याचं टोक हळूच डोळ्यांना... हो, आले गं आई, आले!