एका ओळीची दुरुस्ती

भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा प्रोग्राम कुंभारी खाडीपुरता चाळीस मिनिटं चुकत होता, आणि त्याच्या भरवशावर निघालेल्या तीन होड्या त्या वर्षी गाळात रुतल्या. तिसरी हर्षाली तांडेलच्या बापाची.

हर्षालीने चूक शोधली, दुरुस्ती लिहिली, पाठवली. प्रोग्राम फुकट, आतली ओळन्‌ओळ कुणालाही वाचायला खुली; पण मूळ प्रतीत दुरुस्ती घ्यायचा हक्क तो लिहिणाऱ्या श्रीधर टिपणिसांचा एकट्याचा. आठ महिने झाले, उत्तर नाही. शेवटी ती एसटीने साताऱ्याला त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. साताऱ्याला समुद्र नाही.

टिपणीस शेंगा सोलत बसले होते.

"काका, माझी दुरुस्ती..."

"तीनशे बारावी! आधीच्या तीनशे अकरा पडून आहेत. वेगळी प्रत काढ आणि स्वतः चालव!"

"काढली असती. पण सगळ्या किनाऱ्याचे फोन तुमच्याच प्रतीवरून वेळा घेतात."

"मग थांब!"

"मी थांबेन, काका. ओहोटीला तुम्ही सांगा!"

टिपणिसांनी सूप बाजूला सारलं. "ऐक. अशी एक दुरुस्ती दे, की ती घेतल्यावर सगळ्याच्या सगळ्या मार्गी लागतील आणि मला पुन्हा एकही पत्र वाचावं लागणार नाही. तीही एका ओळीत! नाही जमलं, तर स्टँड उजव्या हाताला आहे."

हर्षालीने चहा मागितला. चहा संपेपर्यंत विचार केला. मग लॅपटॉप उघडला.

प्रोग्रामसोबत 'सांभाळणारे' अशी एक यादी होती; तिच्यात नाव असेल त्यालाच दुरुस्त्या घेता येत. तिच्यात एकच नाव: श्रीधर टिपणीस. त्याखाली तिने लिहिलं: हर्षाली तांडेल.

"झाली एक ओळ! आता पत्रं मी वाचेन."

"तू? तुझ्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

"आठ महिने प्रोग्रामच्या पानावर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं कोण देतंय, ते तरी बघा."

टिपणिसांनी चष्मा चढवला. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तराखाली हर्षालीचं नाव.

"अरेच्चा! मला वाटत होतं, लोकांना प्रश्न पडायचेच थांबले!"

आणि ते असे खदखदून हसले, की सूप कलंडून टरफलं घरभर झाली. हसता हसताच त्यांनी 'मंजूर'वर बोट दाबलं. पुढच्या मिनिटाला हर्षालीने कुंभारी खाडीची वेळ बरोबर केली.

टिपणिसांनी प्रोग्रामचा पासवर्ड कागदावर लिहून दिला, सोललेले सगळे दाणे तिच्या पिशवीत भरले, आणि कित्येक वर्षांनी दुपारचे निवांत झोपले.