ठिपकीचा रव्याचा दाणा

एक होती मुंगी. काळी, एवढीशी. नाव तिचं ठिपकी.

ती राहायची ओट्याखालच्या फटीत. फटीत होतं तिचं बाळ. पांढरं, मऊ.

त्याच घरात राहायची कस्तू. कस्तू नुकती लिहायला शिकत होती. रोज संध्याकाळी आई ताटलीत रवा पसरायची. आई शब्द सांगायची, "लिही, घर." कस्तूचं बोट रव्यात फिरायचं. सुर्र सुर्र. चुकलं की ताटली हलवायची. सळसळ सळसळ. झाली पाटी कोरी.

ताटली हलली की काठावरून एक दाणा पडायचा. टप.

तो दाणा ठिपकीचा. रोजचा, हक्काचा. ठिपकी तो उचलायची. घरी न्यायची. तुरुतुरु तुरुतुरु. बाळ खायचं आणि निजायचं.

एक संध्याकाळ आली. ताटली आली नाही. दाणा नाही.

दुसरी संध्याकाळ आली. दाणा नाही. घरात दिवासुद्धा लावला नव्हता. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मोठ्या माणसांचं रुसणं फार वाईट. त्याला आवाजच नसतो.

बाळ रडून रडून दमलं. पण निजलं नाही. ठिपकीला फार वाईट वाटलं. ती निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

फळीवर ताटली उभी होती. भिंतीकडे तोंड करून.

"ताटलीबाई, ताटलीबाई, दाणा पडेना, बाळ माझं निजेना. जरा हलशील का?"

ताटली म्हणाली, "कस्तू लिहील, तर मी हलेन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

कस्तू कोपऱ्यात बसली होती. गुडघ्यांत डोकं घालून.

"कस्तू, कस्तू, ताटली हलेना, दाणा पडेना, बाळ माझं निजेना. जरा लिहिशील का?"

कस्तू म्हणाली, "आई शब्द सांगेल, तर मी लिहीन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

आई खिडकीपाशी उभी होती. बाहेर बघत होती. बाहेर काहीच नव्हतं.

"कस्तूची आई, कस्तूची आई, कस्तू लिहीना, ताटली हलेना, दाणा पडेना, बाळ माझं निजेना. जरा शब्द सांगशील का?"

आई म्हणाली, "काल कस्तूचे बाबा माझ्यावर उगाच ओरडले. ते नीट बोलतील, तर मी सांगेन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पाय दुखले, तरी निघाली.

बाबा खुर्चीत बसले होते. पाय स्टुलावर. तोंड एवढंसं.

"कस्तूचे बाबा, कस्तूचे बाबा, आई सांगेना, कस्तू लिहीना, ताटली हलेना, दाणा पडेना, बाळ माझं निजेना. जरा बोलाल का?"

बाबा म्हणाले, "माझा अंगठा ठणकतोय. तो थांबेल, तर मी बोलेन."

ठिपकी स्टुलावर चढली. तुरुतुरु तुरुतुरु.

पायाचा अंगठा सुजला होता. लालेलाल. ठण ठण, ठण ठण.

"अंगठेराव, अंगठेराव, बाबा बोलेनात, आई सांगेना, कस्तू लिहीना, ताटली हलेना, दाणा पडेना, बाळ माझं निजेना. जरा थांबाल का?"

अंगठा म्हणाला, "काल सकाळी मला कोणीतरी चावलं. चावणारा येऊन चुकलं म्हणेल, तर मी थांबेन."

ठिपकीला आठवलं.

काल सकाळी एक मोठं पाऊल आलं होतं. अगदी तिच्या अंगावर. ती घाबरली. कचकन चावली. आणि पळाली.

तेच हे पाऊल.

आताही पळता आलं असतं. फट जवळच होती. पण फटीत बाळ होतं. जागं.

"मीच चावले," ठिपकी हळूच म्हणाली. "चुकले मी."

अंगठा म्हणाला, "असं नको. ज्या तोंडाने चावलीस, त्याच तोंडाने बोलतेस. लिहून दे."

ठिपकीने कधी लिहिलं नव्हतं. पण ताटलीच्या काठावर बसून तिने रोज पाहिलं होतं. ती अंगठ्यावर चालू लागली. तुरुतुरु वळली, तुरुतुरु उतरली. च झाला. पुढे निघाली. थांबली. काहीतरी राहिलं. परत आली, खाली शेपटी काढली. चु झाला. मग क. मग ले.

चु, क, ले. चुकले.

अंगठ्याला गुदगुल्या झाल्या. ठणकणं थांबलं.

"पोचलं," अंगठा म्हणाला. "मीही खाली पाहिलं नव्हतं."

अंगठा थांबला. बाबा हसले. खुदुखुदु, खुदुखुदु. दोन दिवसांनी घरात कोणीतरी हसलं.

बाबा आईला म्हणाले, "काल उगाच ओरडलो तुझ्यावर. माझं चुकलं."

आई जरा वेळ खिडकीशीच राहिली. मग तिने दिवा लावला. ताटली काढली. रवा पसरला.

"ये कस्तू. लिही, मुंगी."

कस्तूचं बोट रव्यात फिरलं. सुर्र सुर्र. मु लिहिला. गी लिहिला. मग आठवलं. मु च्या डोक्यावर बोटाने टिंब दिलं. टुच्च.

ताटली हलली. एक दाणा उडाला. टप.

ठिपकीने तो उचलला. तुरुतुरु तुरुतुरु. बाळाने खाल्ला. सगळा.

अंगठा थांबला, बाबा बोलले, आईने सांगितलं, कस्तूने लिहिलं, ताटली हलली, दाणा पडला, बाळ निजलं.

आता बाबा रोज कस्तूच्या तळपायावर बोटाने अक्षर काढतात. कस्तू हसत हसत ओळखते. आणि पाऊल टाकण्याआधी बाबा खाली बघतात.

ठिपकीचा दाणा ठिपकीला, गोष्ट माझी तुम्हाला.