व्हिटलॉक यांच्यासमोरचे दोन अर्ज

ही बैठक बंद दाराआड झाली. ती पाहिलेली नाही, फक्त ऐकलेली आहे. अमेरिकेतल्या एका लहान गावातले पक्षकार्यालय एडना नोव्हाक तीस वर्षे चालवीत होत्या. ते बंद करण्याचा ठराव घेऊन त्याच पक्षाचे आमदार व्हिटलॉक आले.

"बाई, लोक आता टीव्हीवर माझा चेहरा बघून मत देतात. पक्षाला कोण विचारतं?"

"खरं आहे," म्हणत एडनांनी उमेदवारीचे दोन कोरे अर्ज पुढे ठेवले. "हा पक्षाचा. हा अपक्षाचा, यात मतपत्रिकेवर तुमच्या नावाखाली पक्षाचं नाव येत नाही. तुम्हाला हाच शोभेल. पेन देऊ?"

व्हिटलॉक यांनी पक्षाच्या अर्जावर सही केली आणि ठराव मुकाट्याने खिशात घातला. कार्यालय टिकले. नोव्हेंबरात व्हिटलॉकही निवडून आले; मते चेहऱ्याला पडली की नावाखालच्या पक्षाला, हे मात्र अजून कुणालाच सांगता आलेले नाही.